पदाविना नेतृत्व : पंडिता रमाबाई, चर्च आणि वर्तमानपत्रे

३ ऑक्टोबर २०२५ रोजी लंडनहून आलेली एक बातमी जगभरच्या वर्तमानपत्रांनी ठळकपणे छापली. चर्च ऑफ इंग्लंडच्या सर्वोच्च धर्मपदासाठी, म्हणजे कँटरबरीच्या आर्चबिशपपदासाठी, सारा मुलाली यांची निवड जाहीर झाली होती. सहाव्या शतकाच्या अखेरीपासून चालत आलेल्या या पदावर प्रथमच एका स्त्रीची निवड झाली होती. साहजिकच बहुतेक मथळ्यांत ‘पहिली महिला’ हे दोन शब्द होते.

याच चर्चमध्ये २९ सप्टेंबर १८८३ रोजी, इंग्लंडमधील वाँटेज या छोट्याशा गावी, एका पंचवीस वर्षांच्या मराठी विधवेने आपल्या अडीच वर्षांच्या मुलीसह बाप्तिस्मा घेतला होता. त्या वेळीही बातमी झाली होती आणि महाराष्ट्रातील वर्तमानपत्रांतून मोठी खळबळ उडाली होती. पंडिता रमाबाईंनी धर्म बदलला, एवढीच ती बातमी होती. पण पुढच्या दोन वर्षांत त्या बाई आणि तिचे चर्च यांच्यामध्ये एक निराळाच वाद सुरू झाला. स्त्रीने पुरुषांना शिकवावे की नाही, धर्माच्या बाबतीत तिने स्वतःच्या बुद्धीने निर्णय घ्यावा की नाही, हा तो वाद होता. त्याची बातमी कोठेही आली नाही. तो खासगी पत्रांतच राहिला आणि ती पत्रे ग्रंथरूपाने प्रसिद्ध व्हायला १९७७ साल उजाडावे लागले.

रमाबाईंच्या चरित्राकडे आज पुन्हा पाहताना ही गोष्ट विशेष जाणवते. त्यांच्यावर त्या काळी जितके छापून आले, तितके क्वचितच एखाद्या भारतीय स्त्रीवर आले असेल. तरीही त्यांच्या आयुष्यातील सर्वात दीर्घ कार्य, म्हणजे शेकडो स्त्रियांच्या एका धर्ममंडळाचे त्यांनी केलेले नेतृत्व, बातमीच्या चौकटीबाहेरच राहिले.

अरण्यातील पाठशाळा

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी पश्चिम घाटातील गंगामूळ येथील अरण्यात झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे चित्पावन ब्राह्मण, संस्कृतचे गाढे विद्वान. त्यांनी पत्नी लक्ष्मीबाई यांना संस्कृत शिकवले आणि त्यावरून त्यांना धर्मपंडितांच्या सभेपुढे आपल्या कृतीचे शास्त्राधार द्यावे लागले. ते त्यांनी दिले आणि शिकवणे सोडले नाही. पुढे रमाबाईंना संस्कृत शिकवले ते मुख्यतः आईने. धर्मग्रंथ वाचण्याचा आणि ते दुसऱ्याला समजावून सांगण्याचा स्त्रीला अधिकार आहे, ही गोष्ट या मुलीला कोणी तत्त्व म्हणून सांगितली नाही. ती तिने घरातच पाहिली.

हे कुटुंब पुराणे सांगत तीर्थयात्रा करीत फिरे. दक्षिणेतील दुष्काळाच्या त्या काळात आईवडील आणि थोरली बहीण असे तिघेही उपासमारीने खंगून गेले. उरलेली दोघे भावंडे, श्रीनिवास आणि रमा, शेकडो कोस पायी चालत १८७८ मध्ये कलकत्त्यास पोहोचली. तेथील विद्वानांनी या वीस वर्षांच्या मुलीची परीक्षा घेतली आणि तिला ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. रमाबाईंची पहिली मोठी बातमी झाली ती या वेळी.

१८८० मध्ये भाऊ वारला. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी दास मेधावी या बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीने विवाह केला. जात वेगळी, प्रांत वेगळा. १८८१ च्या एप्रिलमध्ये मनोरमाचा जन्म झाला आणि १८८२ च्या फेब्रुवारीत पटकीने पतीचे निधन झाले. तान्ह्या मुलीला घेऊन रमाबाई पुण्यास आल्या.

पुण्याचा पहिला इशारा

पुण्याने त्यांचे स्वागत केले. न्यायमूर्ती रानडे यांच्यासारखी मंडळी पाठीशी उभी राहिली. रमाबाईंनी आर्य महिला समाज स्थापन केला, ‘स्त्रीधर्मनीति’ हे पुस्तक लिहिले आणि १८८२ च्या हंटर शिक्षण आयोगापुढे साक्ष देऊन मुलींसाठी स्त्री शिक्षक आणि स्त्रियांसाठी स्त्री डॉक्टर यांची मागणी केली.

परंतु आर्य महिला समाजाची बातमी देताना ‘केसरी’ने एक इशाराही दिला. स्त्रियांच्या स्थितीत सुधारणा करणे हे वस्तुतः पुरुषांचे काम आहे, त्यात स्त्रियांनी पुढाकार घेण्याची वेळ अजून आलेली नाही, असा त्या लेखनाचा रोख होता. विद्वान स्त्रीचे कौतुक करायला पुण्याची ना नव्हती. स्त्रीने संघटना काढून तिचे नेतृत्व करावे, हे मात्र पचनी पडणारे नव्हते. हीच भूमिका लवकरच अगदी वेगळ्या मुखातून, वेगळ्या देशात, वेगळ्या धर्माच्या नावाने रमाबाईंपुढे येणार होती.

बिशपांचा आक्षेप

वैद्यकीचे शिक्षण घेण्यासाठी रमाबाई १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्या आणि वाँटेज येथील सेंट मेरी द व्हर्जिन या अँग्लिकन जोगिणींच्या आश्रमात राहिल्या. सोबत आलेल्या आनंदीबाई भगत यांनी तेथे आत्महत्या केली. त्या धक्क्यातून जात असतानाच त्या वर्षीच्या सप्टेंबर महिन्याच्या अखेरीस रमाबाईंचा बाप्तिस्मा झाला. महाराष्ट्रात संतापाची लाट उसळली. जोतीराव फुले हे त्यांच्या बाजूने उभे राहिलेल्या मोजक्या लोकांपैकी एक. १८८५ च्या ‘सत्सार’ मध्ये त्यांनी रमाबाईंच्या निर्णयाचे जाहीर समर्थन केले.

कानांना कमी ऐकू येऊ लागल्याने वैद्यकीचा बेत सोडावा लागला. रमाबाई चेल्टनहॅमच्या प्रसिद्ध महिला महाविद्यालयात दाखल झाल्या. तेथे त्या शिकत आणि संस्कृतही शिकवीत. प्राचार्या डोरोथिया बील यांना त्यांच्या बुद्धिमत्तेची जाण होती. हिंदुस्थानात जाऊ इच्छिणाऱ्या तरुण पुरुषांनाही रमाबाईंनी भारतीय भाषा शिकवाव्यात, अशी कल्पना पुढे आली आणि वादाला तोंड फुटले.

मुंबई आणि लाहोर येथील अँग्लिकन बिशपांचा सल्ला घेण्यात आला. दोघांनीही विरोध केला. पुरुषांना शिकवणारी स्त्री म्हणून रमाबाई ओळखल्या गेल्या, तर हिंदुस्थानात त्यांची प्रतिष्ठा जाईल आणि पुढच्या कार्याला बाध येईल, असे त्यांचे म्हणणे होते. रमाबाईंची धर्ममाता सिस्टर जेराल्डिन यांनी बिशपांचाच पक्ष घेतला. ख्रिस्ती धर्मात नव्याने आलेल्या स्त्रीने वडीलधाऱ्यांचे ऐकावे, अशी त्यांची अपेक्षा होती.

रमाबाईंचे उत्तर आजही वाचणाऱ्याला थांबवते. आपल्या आईने तरुण पुरुषांना शिकवले, त्याला वडिलांनी हरकत घेतली नव्हती. आपण शिकवले, त्याला पतीने हरकत घेतली नव्हती. मग जे हिंदू घरात चालले, ते ख्रिस्ती इंग्लंडमध्ये का चालू नये, असा त्यांचा सवाल होता. हिंदुस्थानात हजारो स्त्रीपुरुषांच्या सभांपुढे आपण व्याख्याने दिली आहेत, याचीही त्यांनी आठवण करून दिली. बिशपांना हिंदुस्थानातील लोकमताची काळजी वाटत होती. ज्या स्त्रीने ते लोकमत प्रत्यक्ष अंगावर झेलले होते, तिला मात्र कोणी आधी विचारले नव्हते.

वाद तेथेच थांबला नाही. त्र्यैक्याचा सिद्धांत, चर्चचे मतांगीकार, बिशपांचा अधिकार, सगळ्यांवर रमाबाई प्रश्न विचारीत राहिल्या. गळ्यातील क्रुसावर लॅटिन अक्षरेच का, संस्कृत का नकोत, असेही त्यांनी विचारले. हिंदुस्थानी माणसाला लॅटिन जितकी परकी तितकी संस्कृत नाही, हा साधा मुद्दा होता. पुरोहितवर्गाच्या जुन्या जोखडातून मान सोडवून घेतल्यावर ती दुसऱ्या जोखडात अडकवणार नाही, ही त्यांची भूमिका कायम राहिली. सिस्टर जेराल्डिन यांना हा अहंकार वाटे. रमाबाईंच्या मते तो सदसद्विवेक होता.

अमेरिकेतील प्रसिद्धी

१८८६ च्या मार्चमध्ये आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी रमाबाई फिलाडेल्फियास गेल्या आणि अडीच वर्षांहून अधिक काळ अमेरिकेत राहिल्या. गावोगावी त्यांची व्याख्याने झाली आणि अमेरिकन वर्तमानपत्रांनी ती उचलून धरली. पांढऱ्या वस्त्रातील ब्राह्मण विधवा, संस्कृत पंडिता आणि ख्रिस्ती, असे चित्र तिकडच्या वाचकाला मोहविणारे होते. १८८७ मध्ये ‘द हाय-कास्ट हिंदू वुमन’ हे त्यांचे इंग्रजी पुस्तक फिलाडेल्फियात निघाले आणि हातोहात खपले. त्याच वर्षाच्या अखेरीस बोस्टनमध्ये रमाबाई असोसिएशन स्थापन होऊन विधवांच्या शाळेसाठी दहा वर्षे मदत देण्याचे ठरले.

अमेरिकेत रमाबाईंनी आणखी एक गोष्ट जवळून पाहिली. मद्यपानविरोधी स्त्रियांच्या विशाल संघटनेच्या अध्यक्षा फ्रान्सिस विलर्ड या त्यांच्या स्नेही झाल्या. १८८८ च्या मेमध्ये न्यू यॉर्कला मेथॉडिस्ट चर्चची सर्वसाधारण परिषद भरली. तिच्यावर विलर्ड यांच्यासह पाच स्त्रिया रीतसर निवडून आल्या होत्या. परिषदेने त्यांना प्रतिनिधी म्हणून बसू देण्यास नकार दिला. हे प्रकरण तिकडच्या वर्तमानपत्रांत गाजले. त्याच वर्षी विलर्ड यांनी प्रवचनपीठावरील स्त्रीच्या हक्काचे समर्थन करणारे पुस्तक प्रसिद्ध केले. बायकांच्या पैशावर आणि श्रमांवर चालणारी चर्चे त्यांना सभागृहात खुर्ची देत नाहीत, हा अनुभव रमाबाईंच्या डोळ्यांपुढे घडत होता. परतल्यावर १८८९ मध्ये त्यांनी ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त’ हा मराठी ग्रंथ काढला. त्यात अमेरिकन स्त्रियांच्या संघटित कार्याला त्यांनी भरभरून जागा दिली.

शारदा सदनाचे वादळ

११ मार्च १८८९ रोजी मुंबईत चौपाटीजवळ शारदा सदन सुरू झाले. पहिल्या विद्यार्थिनींपैकी गोदूबाई या पुढे महर्षी धोंडो केशव कर्वे यांच्या पत्नी झाल्या. १८९० च्या अखेरीस सदन पुण्यास हलले. सदनात धर्मशिक्षण दिले जाणार नाही, हे सुरुवातीलाच मान्य झाले होते आणि रानडे, भांडारकर यांच्यासारखे मान्यवर सल्लागार मंडळावर होते.

वादाची पहिली ठिणगी पडली ती वर्तमानपत्रातूनच. १८८९ च्या अखेरीस न्यू यॉर्कच्या एका ख्रिस्ती साप्ताहिकाने सदनाविषयी मजकूर छापला. तेथील काही विधवांचा कल ख्रिस्ती धर्माकडे असल्याचे त्यात सुचवले होते. देणगीदार वाचकांना आनंद व्हावा म्हणून लिहिलेली ती चार वाक्ये समुद्र ओलांडून पुण्यास आली आणि ‘केसरी’च्या हाती पडली. तिकडे जी शुभवार्ता होती, तीच इकडे पुरावा ठरली. बातमीचा वाचक बदलला की बातमीचा अर्थ कसा उलटतो, याचे हे नमुनेदार उदाहरण म्हणावे लागेल.

‘केसरी’ची शंका सर्वस्वी निराधार होती, असे म्हणणे योग्य होणार नाही. रमाबाई आपली प्रार्थना दार लावून करीत नसत आणि मुली त्यांच्याजवळ येऊन बसत. १८९१ च्या सुमारास त्यांच्या स्वतःच्या श्रद्धेत मोठे स्थित्यंतर झाले होते आणि ती श्रद्धा लपविणे त्यांना मान्य नव्हते. पालकांनी विश्वासाने पाठविलेल्या मुलींचा प्रश्न गंभीर होता. दुसऱ्या बाजूने, स्वतःच्या घरात उघड प्रार्थना करण्याचा हक्क रमाबाईंना होता की नाही आणि त्या प्रार्थनेला बसावे की नाही हे ठरविण्याचा हक्क मुलींना होता की नाही, हेही प्रश्न होते. १८९३ मध्ये सल्लागार मंडळाने राजीनामे दिले आणि वीस-पंचवीस मुली सदनातून काढून नेण्यात आल्या. पुण्यातील सुशिक्षित समाजाने रमाबाईंकडे पाठ फिरवली.

या साऱ्या गदारोळात वर्तमानपत्रांचे रमाबाईंविषयीचे दोन साचे पक्के झाले. मराठी पत्रांच्या लेखी त्या बाटवाबाटवी करणाऱ्या होत्या. परदेशी ख्रिस्ती पत्रांच्या लेखी त्या अंधारातून उजेडात आलेल्या होत्या. दोन्ही साचे परस्परविरुद्ध दिसतात, पण दोहोंनाही विचारायचा होता तो एकच प्रश्न : ही बाई कोणाची? ती काय करते, कसे करते आणि कोणत्या अधिकाराने करते, हे विचारण्याची गरज दोन्ही बाजूंना वाटली नाही.

केडगाव : स्त्रियांचे गाव

पुण्यापासून सुमारे साठ किलोमीटरवर, रेल्वेमार्गावरील केडगाव येथे रमाबाईंनी शंभर एकरांच्या आसपास जमीन घेतली होती. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि सुमारे तीनशे निराधार मुली व स्त्रिया घेऊन आल्या. प्लेगमुळे पुण्यात त्यांना ठेवणे अशक्य झाले तेव्हा सर्वांची रवानगी केडगावच्या उघड्या माळावर झाली. तेथेच ‘मुक्ती’ उभी राहिली. १९०० च्या गुजरातमधील दुष्काळानंतर तेथील वस्ती दोन हजारांच्या घरात पोहोचली.

याच सुमारास रमाबाईंनी वर्तमानपत्राचे शस्त्र स्वतः वापरले. १८९७ मध्ये पुण्यातील प्लेगच्या इस्पितळात स्त्रियांची होणारी आबाळ आणि त्यांची असुरक्षितता यांवर त्यांनी ‘बॉम्बे गार्डियन’ या ख्रिस्ती साप्ताहिकात पत्र लिहून सरकारवर उघड ठपका ठेवला. पत्राची दखल थेट ब्रिटिश पार्लमेंटमध्ये घेतली गेली. मुंबई सरकारने आरोप नाकारले, पण रमाबाई मागे हटल्या नाहीत. मिशनरी म्हणजे सरकारची बटीक, असे मानणाऱ्यांना हे पत्र अडचणीचे होते. ख्रिस्ती झालेल्या स्त्रीने ख्रिस्ती राज्यकर्त्यांचे आभार मानावेत, अशी अपेक्षा असणाऱ्यांनाही ते तितकेच अडचणीचे होते.

मुक्तीचा कारभार स्त्रियांच्या हाती होता. शेती, विणकाम, तेलाचा घाणा, दुग्धशाळा, छापखाना ही सारी कामे बायका करीत. अंध मुलींसाठी ब्रेलचे वर्ग होते. समाजाने पतित ठरविलेल्या स्त्रियांसाठी कृपा सदन होते. मुलगी मनोरमा आईच्या जोडीने संस्था सांभाळत होती. आवारात भव्य प्रार्थनामंदिर उभे राहिले आणि त्यात रोज शेकडो स्त्रिया जमू लागल्या.

या मंदिरात धर्मग्रंथ वाचून त्यावर निरूपण करीत असत त्या स्वतः रमाबाई. त्यांना कोणत्याही चर्चने दीक्षा दिलेली नव्हती. बाप्तिस्म्यासारख्या संस्कारांसाठी दीक्षित पुरुष पाळकांना बाहेरून पाचारण करावे लागे. म्हणजे शिकवणे, प्रार्थना चालविणे, प्रचारिका तयार करणे, दोन हजार जणींच्या पोटाची आणि मनाची काळजी वाहणे, हे सारे रमाबाईंनी करायचे आणि विधीपुरते पद मात्र पुरुषाचे. पाळकाच्या कामांपैकी जे कष्टाचे ते सगळे त्यांच्याकडे होते. जे पदाने मिळते तेवढेच नव्हते.

येथे एक प्रश्न प्रामाणिकपणे विचारायला हवा. उपासमारीतून वाचविलेल्या, दुसरा आसरा नसलेल्या मुलींनी स्वीकारलेला धर्म हा कितपत मुक्त निर्णय म्हणायचा? रमाबाईंच्या टीकाकारांनी हा प्रश्न उपस्थित केला होता आणि तो आजही मोडीत निघत नाही. मात्र त्यासोबत हेही लक्षात घ्यावे लागते, की त्या मुलींना वाचायला, छापायला, सभेत उभे राहून बोलायला शिकविणाऱ्या संस्था तेव्हा बोटांवर मोजण्याइतक्या होत्या.

१९०५ चे उज्जीवन

१९०५ च्या जूनच्या अखेरीस मुक्तीत एक विलक्षण घटना घडली. वेल्समधील धार्मिक उज्जीवनाच्या वार्ता येत होत्या आणि मुक्तीतील साडेपाचशे जणी रोज दोनदा प्रार्थनेसाठी जमत होत्या. ३० जूनच्या संध्याकाळी रमाबाई नेहमीच्या शांत रीतीने योहानाच्या शुभवर्तमानातील आठव्या अध्यायावर बोलत असताना सारी सभा एकाएकी मोठ्याने प्रार्थना करू लागली. रडणे, पापांची कबुली, गाणे यांचा पूर लोटला. तो कित्येक महिने ओसरला नाही. मुलींच्या टोळ्या आसपासच्या गावांत आणि पुढे दूरवर प्रचाराला जाऊ लागल्या. बिशपांनी ज्या स्त्रीला मूठभर पुरुष विद्यार्थ्यांपुढे उभे राहू नये असे सुचवले होते, तिने वीस वर्षांनंतर शेकडो प्रचारिका रस्त्यावर आणल्या होत्या.

सगळ्या मिशनऱ्यांना हे रुचले नाही. हा आरडाओरडा शिस्तीला धरून नाही, भावनांचा अतिरेक आहे, अशी टीका झाली. हिंदुस्थानी स्त्रियांना त्यांच्या रीतीने ईश्वराची आळवणी करू द्यावी, पाश्चात्त्य संयमाचे माप त्यांना लावू नये, असे रमाबाईंनी ‘मुक्ती प्रेयर बेल’ या आपल्या पत्रिकेतून मांडले. आपली बाजू मांडण्यासाठी दुसऱ्याच्या वर्तमानपत्रावर विसंबायचे नाही, हा धडा त्या १८९३ मध्ये शिकल्या होत्या.

केडगावची वार्ता दूरवर पोहोचली. लॉस एंजेलिसच्या अझुसा स्ट्रीटवरून निघणाऱ्या ‘अपोस्टोलिक फेथ’ या पत्राने मुक्तीची हकिकत छापली. रमाबाईंच्या सहकारी मिनी अब्रम्स यांनी १९०६ मध्ये या घटनेवर पुस्तिका लिहिली आणि ती चिली देशातील आपल्या मैत्रिणीला पाठविली. १९०९ मध्ये तेथे उभ्या राहिलेल्या पेंटेकोस्टल चळवळीच्या मुळाशी या पुस्तिकेची प्रेरणा होती. दौंड तालुक्यातील एका माळावरची हालचाल दक्षिण अमेरिकेपर्यंत गेली होती. महाराष्ट्रात मात्र त्या वर्षी वंगभंगाने वर्तमानपत्रांचे स्तंभ व्यापले होते आणि रमाबाईंविषयीची चर्चा अजून बाटवाबाटवीभोवतीच घुटमळत होती.

शेवटचे काम

आयुष्याची शेवटची सुमारे अठरा वर्षे रमाबाईंनी एका कामाला वाहिली : संपूर्ण बायबलचे मराठी भाषांतर. प्रचलित मराठी बायबल खेड्यातील स्त्रीला कळत नाही, त्यातील संस्कृतप्रचुर शब्द तिला अडवतात, असे त्यांना वाटे. एरवी संस्कृत जिच्या जिभेवर नाचत असे, त्या पंडितेने असे म्हणावे यात तिचे सारे चरित्र आले. त्यासाठी त्या उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. भाषांतर त्यांचे, अक्षरजुळणी मुक्तीतील बायकांची, छपाईही त्यांचीच. नवा करार १९१३ मध्ये निघाला. भाषेच्या डौलाविषयी अभ्यासकांची मते भिन्न आहेत. पण मूळ भाषांतून बायबल एकटीने दुसऱ्या भाषेत आणणाऱ्या स्त्रिया जगाच्या इतिहासात फार थोड्या आहेत.

१९१९ मध्ये सरकारने त्यांना कैसर-इ-हिंद पदक दिले. २४ जुलै १९२१ रोजी, अवघ्या चाळिसाव्या वर्षी, मनोरमा गेली. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंनी केडगाव येथे देह ठेवला. संपूर्ण बायबल छापून बाहेर पडले ते १९२४ मध्ये.

त्यानंतर स्मरणाचे निरनिराळे मार्ग निघाले. १९६० मध्ये देवदत्त नारायण टिळक यांनी त्यांचे मराठी चरित्र लिहिले. १९७७ मध्ये महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने त्यांचा पत्रव्यवहार प्रसिद्ध केला आणि चेल्टनहॅमचा तो वाद प्रथमच सर्वसामान्य वाचकांसमोर आला. विशेष म्हणजे ती पत्रे जपून ठेवली होती ती त्यांच्याशी सतत भांडणाऱ्या सिस्टर जेराल्डिन यांनीच. १९८९ मध्ये टपाल खात्याने रमाबाईंचे तिकीट काढले.

ज्या चर्चने त्यांना शिकवण्यापासून परावृत्त करण्याचा प्रयत्न केला, त्याने १९९४ मध्ये स्त्रियांना पाळकपदाची दीक्षा देण्यास सुरुवात केली. आपल्याकडे चर्च ऑफ साउथ इंडियाने २०१३ मध्ये ई. पुष्पा ललिता यांना बिशपपद दिले. इंग्लंडमध्ये पहिली स्त्री बिशप झाली ती २०१५ मध्ये, म्हणजे भारतानंतर. आज चर्च ऑफ इंग्लंडच्या पंचांगात ३० एप्रिल हा दिवस रमाबाईंच्या स्मरणाचा आहे. तेथे त्यांच्या नावापुढे धर्मग्रंथाच्या भाषांतरकार, असा उल्लेख आहे. तो खरा आहे, पण अपुरा आहे. भाषांतर त्यांनी टेबलापाशी बसून केले. त्याच वेळी प्रार्थनामंदिरात त्या जे करीत होत्या, त्याला अजूनही त्या पंचांगात शब्द नाही.

बातमीदाराच्या दृष्टीने यात एक बोध आहे. धर्मसंस्थेतील स्त्रीची बातमी आपण सहसा दोनच वेळा देतो. ती संस्थेशी भांडते तेव्हा, नाही तर तिला पद मिळते तेव्हा. मधल्या काळात, पदाविना आणि गाजावाजाविना चाललेले काम आपल्या रकान्यांत बसत नाही. रमाबाईंचे निम्मे आयुष्य या मधल्या काळातच गेले. ‘पहिली महिला’ असा मथळा पुढच्या वेळी टेबलावर येईल, तेव्हा तो छापण्यापूर्वी एकदा केडगावची आठवण व्हावी. ज्या कामासाठी आज पद मिळाले, ते काम त्याआधी पदाविना कोण करीत होते, हे विचारण्यापुरती तरी.